छत्रीबागेतल्या दोन खोल्या

गौतमपुऱ्यात आमचं भाड्याचं घर महिना सहा रुपयांचं होतं. मागे अंगण, अंगणात आपली विहीर. मध्यप्रदेश नवा नवा झाला आणि ह्यांची बदली इंदूरच्या कचेरीत झाली. माझ्या लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. हे एकटेच जागा बघून आले आणि पाय धुता धुता म्हणाले, "छत्रीबागेत दोन खोल्या ठरवल्या. पस्तीस रुपये."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. ह्यांचा पगार होता नव्वद.

"अहो, पस्तीस? काय सोन्याच्या भिंती आहेत का?"

"मालक म्हणाले, तुम्ही नाही तर दुसरा घेईल. दोन महिन्यांचे आगाऊ देऊन आलो."

आठवड्याभरात सामान घेऊन आम्ही इंदूरला आलो. टांगा दारात थांबला आणि मी उतरून बघते तर खोलीचं दार उघडं. आत शेगडी पेटलेली, वर भात रटरटत होता. खिडकीपाशी शिवणाची मशीन होती आणि मशीनशी चाळिशीची एक बाई ब्लाउजला काज करत बसली होती. कोपऱ्यातल्या खाटेवर तिचे म्हातारे सासरे पडून होते.

मला वाटलं, घर चुकलं. टांगेवाला मागून ओरडत होता, "भिया, सामान उतारूं के नहीं?"

बाई उठली. आमच्या ट्रंका बघून तिच्या लगेच लक्षात आलं. "तुम्हीच का ते पस्तीसवाले?" तिने विचारलं.

नऊ वर्षं ती तिथे राहत होती. भाडं पंधरा. मालकांनी तीस मागितले तेव्हा तिने कसंबसं कबूल केलं होतं. तेवढ्यात आमचा पस्तीसचा आकडा आला आणि मालकांनी तिला सांगितलं, आजच्या दुपारपर्यंत खोल्या खाली करा. नवरा गेलेला, ब्लाउज शिवून ती दोघांचं पोट भरत होती. नवीन जागा अजून मिळाली नव्हती.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचा चेहरा पांढराफटक. "मला म्हणाले, जागा रिकामीच आहे," एवढंच बोलले आणि तडक वर मालकांकडे गेले. मीही मागोमाग.

मालक पान लावत होते. "तो बुढ्ढा माणूस कुठे जाईल, काही विचार केलात?" ह्यांनी विचारलं.

"अरे भिया, हे इंदूर आहे. तुम्हाला नको असेल तर जा, कोई बात नहीं. पण आगाऊ परत मिळणार नाही. आणि दया येत असेल तर राहू द्या की तिला तुमच्यात." पान तोंडात टाकून ते शांतपणे म्हणाले, "फक्त तिचे पंधरा वेगळे द्यायचे. दोन कुटुंबं म्हणजे दोन भाडी."

माणूस इतक्या निवांतपणे असं बोलू शकतो, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

आमच्याकडे परत जायला घर नव्हतं. आम्ही पुढची खोली घेतली, मागची तिला ठेवली. आगाऊ अनामत म्हणून ठेवून त्या महिन्याचे पन्नास रुपये मालक मोजून घेऊन गेले. अकरा दिवस आम्ही तसे राहिलो. ती सकाळी मला नळाला उठवायची, माझ्या भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगायची. एकदा मी रडत म्हटलं, "आमच्यामुळे तुमचं घर गेलं, ताई."

"गप गं. मी तरी काय, अशी दुसऱ्याची खोली मिळाली असती तर घेतलीच असती," ती दोरा दाताने तोडत म्हणाली. मला त्याने बरं वाटलं नाही.

बाराव्या दिवशी तिला परदेशीपुऱ्यात खोली मिळाली. मशीन हातगाडीवर चढवून आम्ही पोचवायला गेलो. गिरणीकामगारांची दाट वस्ती, एकच खोली, खिडकी नाही, नळ गल्लीच्या टोकाला. सासऱ्यांची खाट टाकल्यावर मशीन ठेवायला जागाच उरली नाही, ती उंबऱ्याबाहेर ठेवावी लागली.

"भाडं किती?" ह्यांनी विचारलं.

"बावीस," ती म्हणाली आणि बाहेर मशीनशी बसून सुईत दोरा ओवू लागली.