गुप्तहेर काय बोलला

काल लेकीने लॅपटॉपवर एक जुना इंग्रजी विनोदी सिनेमा लावला. त्यातल्या वेंधळ्या गुप्तहेराने चोराऐवजी खांबालाच हातकडी घातली आणि मला बाळकुमचं आमचं अंगण आठवलं, पूजेच्या शिऱ्याच्या वासासकट.

घरच्या पूजेच्या दुपारी पाहुण्यांसाठी आणलेल्या भाड्याच्या व्हीसीआरसोबत दुकानदाराने चुकून हीच कॅसेट दिलेली. मिठागरात राबणाऱ्या बाबांनी मला नुकतंच कॉलेजात घातलेलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. काकांना ते पटलेलं नव्हतं.

"शिकलेली हाय ना? मग सांग, यो काय बोलतंय," ते सगळ्यांसमोर म्हणाले.

मला एकही वाक्य कळत नव्हतं. तसं सांगितलं असतं, तर कॉलेज त्याच अंगणात संपलं असतं. मग मी मनानेच सांगत सुटले. गुप्तहेर हौदात पडला तेव्हा म्हटलं, "बोलतो, मी मुद्दाम उडी मारली, चोर खालीच लपलाय." सगळे हसले. काकाही डोळे पुसत म्हणाले, "पोर हुशार हाय."

काल पडद्यावर खाली खरी वाक्यं लिहून येत होती. हौदातून वर येऊन तो फक्त टॉवेल मागतो. शेजारी बसलेल्या बाबांना मी ते सांगून टाकलं.

"तवाच ओळखलेलं," बाबा म्हणाले. "तो दोन शब्द बोलायचा, तू धा सांगायचीस."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"शिकायला त धाडलेली तुला. आधीच येत असतं, त कशाला धाडली असती?"