उलटा फोन

सगळ्या सरकारी इमारतीत एकच बोभाटा होता: तळघरातल्या बाईनं मोठ्या साहेबांचा फोन आपटला, म्हणून तिला तळघरात टाकलं. साफ खोटं. ती बाई म्हणजे माझी आत्या, आणि ती फोन आपटत नाही, अलगद ठेवते. आणि तळघरात ती पहिल्या दिवसापासूनच आहे, मोडक्या कपाटांच्या शेजारी.

दारावर पाटी: राज्य सायबर सुरक्षा समन्वय कक्ष. कक्ष म्हणजे आत्या, एक टेबल, एक संगणक, नंबर न दाखवणारा जुनाट फोन आणि एक वही. वहीत एकेचाळीस खात्यांच्या प्रमुखांचे नंबर, तिनं स्वतः लिहिलेले. एका खात्याच्या संगणकांवर हल्ला झाला की बाकीच्यांना सावध करायचं, हे तिचं काम. नियम एकच: फोनवर कुणी हुकूम सोडला तर फोन ठेवायचा, वहीतल्या नंबरावर उलट फोन करायचा आणि विचारायचं, "हे तुम्हीच बोललात का?"

या नियमापायी सगळी खाती तिच्यावर दात धरून. पाणीपुरवठ्याचे प्रमुख तर तिला तोंडावरच 'उलटा फोन' म्हणत. आणि मोठे साहेब?

"अहम्, काय आहे ना बाई, माझा आवाज ओळखता येत नाही तुम्हाला?"

"येतो ना सर. चोराला तो काढताही येत असेल."

साहेबांनी भरबैठकीत सुनावलं, "अहम्, काय आहे ना, नेतृत्व मी करतोय. पुन्हा माझा फोन ठेवलात, तर त्या कक्षाला कुलूप!" एकेचाळीस खुर्च्यांवर खसखस पिकली.

पंधरा दिवसांनी फोन वाजला. "अहम्, काय आहे ना बाई, मोठा हल्ला झालाय. एक तज्ज्ञ फोन करेल. त्याला मुख्य पासवर्ड द्या. आत्ताच्या आत्ता!"

आवाज साहेबांचा, खाकरणं साहेबांचं, उद्धटपणाही त्यांचाच. आत्याच्या डोळ्यांपुढे कुलूप लोंबायला लागलं. तिनं फोन ठेवला आणि वही उघडली.

"मी कुठे फोन केला? जेवतोय मी!" साहेब कडाडले.

मग आत्यानं वहीतला एकेक नंबर फिरवला. पाच खाती पासवर्ड देऊन बसली होती. पाणीपुरवठा सगळ्यांत आधी.

"अहो, साक्षात साहेबांचा आवाज! नाही कसं म्हणायचं?"

"आधी पासवर्ड बदला. रडा नंतर."

तासाभरात पाचही बदलले. कौतुक? नाव काढू नका. पुढच्या बैठकीत साहेबांनी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली आणि आत्याचा नियम सगळ्या खात्यांना लागू केला, खाली स्वतःची सही ठोकून. कुलूप तेवढं टळलं.

हे लिहिणाऱ्या भाचीला मात्र हा नियम पक्का आहे हे पटेना. "चोराची नक्कल कच्ची होती. मी केली तर तू गार पडशील."

"लाव पैज. हरेल त्यानं महिनाभर भांडी घासायची."

आठवड्याभरात, एका दुपारी, भाचीनं नाकात कापसाचे बोळे कोंबून फोन लावला. "अहम्, काय आहे ना बाई..." एवढं ऐकून घेऊन पलीकडून फोन अलगद ठेवला गेला.

"कशावरून ओळखलंस गं?" संध्याकाळी तिनं विचारलं.

"ओळखलं कुठे? हुबेहूब साहेब! खुर्चीतून उठून उभी राहिले मी."

"मग?"

"मग काय, त्यांना उलट फोन केला. दुपारची झोप मोडली म्हणून अजून शिव्या घालतायत. तो डबा आधी घे घासायला, तेलकट आहे."