श्रीकांतची दहा दिवसांची रजा

श्रीकांत गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुबईत, देऱ्यातल्या ऑफिसात कुठल्यातरी बिलावर सही करत होतो. सांगलीहून नलिनीवहिनी बोलत होत्या. "भावजी, हे गेले..." मी वेड्यासारखं विचारलं, "कुठे होता तो?" "गच्चीवर. वॉटरप्रूफिंगचं काम चाललंय ना, अण्णा म्हणाले, जरा उभा राहा." मे महिना, भर दुपार, तापलेली गच्ची, आणि पन्नाशीही न गाठलेला माझा मित्र कामगारांवर लक्ष ठेवत उभा. तेही रजेवर, जी यंदा गच्चीसाठी गणपतीऐवजी मेमध्येच घ्यावी लागली होती! मला रडू आलं नाही, संताप आला. महिना उलटला तरी तो उतरलेला नाही.

देऱ्यात एकाच इमारतीत आम्ही सतरा वर्षं राहिलो, तो तिसऱ्या मजल्यावर, मी चौथ्या. उजाडायच्या आत कंपनीची बस त्याला जबल अलीच्या गोदामात घेऊन जायची. तिथल्या उन्हाबद्दल तो कधी कुरकुरला नाही. वर्षाची रजा मात्र त्याची कधीच नव्हती, ती थोरल्या भावाची, अण्णांची होती. रजा म्हणजे सांगली, सांगलीत गणपती, आणि गणपतीच्या आगेमागे रंगकाम, नळकाम, पुतण्याचं अ‍ॅडमिशन, कोणाच्या तरी साखरपुड्याचं जेवण. महिनाभर राबून हा परत यायचा आणि एअरपोर्टवरून येताना टॅक्सीतच झोपायचा. आम्ही चेष्टा करायचो, "श्रीकांत रजेवरून आला, आता त्याला विश्रांतीसाठी ड्यूटीवर पाठवा." तोही हसायचा. मला आता त्या चेष्टेचीही चीड येते.

अठ्ठ्याण्णव साली त्याला दहाच दिवस मिळाले. "खलास यार दिल्या, मॅनेजर बोलला बाकीचे इन्शाल्ला नेक्स्ट इयर," असं सांगत तो माझ्याकडे आला. आम्ही स्वित्झर्लंडला निघालो होतो, ब्रिएंझच्या सरोवरावर. तो चहाचा कप हातात धरून आमची तिकिटं उलटीपालटी करत बसला. शेवटी म्हणाला, "मलाही बघायचंय रे. पण अण्णा..." तेव्हा मीच म्हणालो, "अरे, सांग ना, रजाच मिळाली नाही म्हणून. ऑडिट आहे म्हण." इतकं सोपं होतं ते. गल्फमधला प्रत्येक माणूस घरी असं कधी ना कधी बोललेला असतो.

ते आठ दिवस मी कसे सांगू? सरोवराचं पाणी हिरवट निळं, दुधाचा थेंब पडल्यासारखं. वाफेवर चालणारी छोटी गाडी आम्हाला डोंगरावर घेऊन गेली आणि ऑगस्टमध्ये ऋचानं, त्याच्या आठ वर्षांच्या लेकीनं, सावलीत उरलेला बर्फ मुठीत धरला. उतरताना श्रीकांतनं गाडी नाकारली. पायवाटेवरच्या पिवळ्या पाट्या वाचत, गाईंच्या घंटा ऐकत तो चार तास चालत आला, आणि आल्यावर मला वल्हवायला बसवून होडीतून फिरला. तिसऱ्या दिवशी लाकडी धक्क्यावर त्यानं शर्ट काढला आणि सरळ उडी मारली. वहिनी किंचाळल्या. लग्नाला बारा वर्षं झाली होती, नवऱ्याला पोहता येतं हे त्यांना माहीत नव्हतं. कसं असणार? सांगलीच्या रजेत त्याला नदीकडे जायला कोणी मोकळं सोडलं होतं?

आम्ही दुबईत परतलो, आणि गणपतीच्या दिवशी श्रीकांतच्या घरी अण्णांचा फोन आला, तो ऋचानं घेतला. "काका, वी सॉ स्नो! अँड बाबा स्वॅम इन द लेक!" पोरीचा काय दोष! अण्णांनी रिसीव्हर श्रीकांतला द्यायला सांगितला आणि एकच वाक्य बोलले, "गणपतीला रजा नाही, डोंगर बघायला आहे." पुढची पाच वर्षं ते वाक्य संपलं नाही. दारात पाऊल टाकलं की, "या, स्वित्झर्लंडचे पाहुणे!" आणि हा मान खाली घालून कामाला लागायचा. मी दोनदा म्हटलं, चल पुन्हा जाऊ. "नको रे. झालं ते."

तेराव्याला मी सांगलीत होतो. भेटायला आलेल्यांना अण्णा सांगत होते, "तसा गुणी होता. आयुष्यात एकदाच खोटं बोलला आमच्याशी." मी समोर चहा घेऊन बसलो होतो. तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. भ्याड माणूस आहे मी, दुसरं काय!

गेल्या आठवड्यात वहिनी घर आवरायला दुबईत आल्या. त्या सहलीचे फोटो त्यांनी माझ्याकडे ठेवले होते, सांगलीचं कोणी उतरायला आलं तर दिसू नयेत म्हणून. स्वतःच्या घरात स्वतःचेच फोटो ठेवायची चोरी! ते घ्यायला त्या वर आल्या आणि आमच्या सोफ्यावर अल्बम उघडून बसल्या. एका फोटोपाशी थांबल्या. श्रीकांत धक्क्यावर ओलाचिंब उभा, कुडकुडतोय, तोंड भरून हसतोय आणि माझ्याकडे वळून काहीतरी बोलतोय.

"काय म्हणत होते हो इथे?"

मी त्यांना सांगितलं. आता तुम्हालाही सांगतो, अण्णा. तुमच्याकडे वर्तमानपत्राची ही पुरवणी येते, तुम्ही वाचाल. ते खोटं माझं होतं. त्यानं पाच वर्षं ते स्वतःच्या अंगावर घेतलं आणि माझं नाव तुमच्यापर्यंत येऊ दिलं नाही. आणि त्या धक्क्यावर, दात वाजत असताना, तो मला म्हणाला होता, "दिल्या, आज अण्णा असायला हवा होता रे. कृष्णेत त्यानंच मला पोहायला शिकवलं."