चार खोल्यांचा रिमोट

माझी धाकटी बहीण दुकानात कामाला आली ती माझ्याच बोलावण्यावरून, हे आधी सांगून टाकते. ती तारापूर एमआयडीसीत औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. त्यांनी ती लाइन बंद केली, ती घरी बसली, आणि मी म्हटलं, "ये माझ्याकडे. वायरी ओढायला माणसं आहेत, पण गिऱ्हाइकाशी धड बोलायला कुणी नाही."

माझं दुकान बोईसरला, नवापूर रस्त्यावर. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी टीव्ही दुरुस्तीपासून सुरुवात केली. मग या भागात मोठी घरं उभी राहू लागली तशी माझी कामंही बदलली. कपाटात एक अ‍ॅम्प्लिफायर ठेवायचा, खोल्याखोल्यांत स्पीकर, दिवाणखान्यात टीव्ही, आणि कुठल्या खोलीत काय वाजेल ते सगळं एकाच रिमोटवरून चालवायचं. त्या रिमोटवर कुठलं बटन कशासाठी, काय दाबलं की काय होईल, हे लॅपटॉपवर बसून ठरवावं लागतं. आम्ही त्याला लेआउट म्हणतो. बाकी कामं कुणीही करावीत, लेआउटला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा माझा शिरस्ता होता.

माकुणसारच्या एका वाडीतलं काम आलं ते दुबईहून. तिथे नोकरी करणाऱ्या मुलाने गावातलं घर नवं बांधून घेतलं होतं. घरात म्हातारे आईवडील दोघंच, म्हणजे आमच्यासाठी काका-काकू. वडिलांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला, उजवी बाजू लुळी आणि बोलणं जवळजवळ गेलेलं. मुलाला वाटे, वडिलांच्या खोलीत गाणी असावीत, आईला पडवीत ऐकू यावीत, आणि आपण येऊ तेव्हा माडीवर आपली सोय असावी. दिवाणखाना, काकांची खोली, पडवी आणि माडीवरची खोली असे चार भाग.

मी आठ दिवस खपून लेआउट केला. रिमोटच्या छोट्या पडद्यावर आधी खोली निवडायची, मग रेडिओ का टीव्ही ते निवडायचं, मग आवाज. खोल्यांचा क्रम अ‍ॅम्प्लिफायरवर वायरी जशा लागल्या होत्या तसा. असल्या कामाची पुस्तकी रीत हीच, आणि मला ती सुंदर वाटायची. आजही वाटते.

काकूंनी रिमोट हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि परत दिला.

"पोरी, तू दावतेस ते मला दिसत नाय. एका डोळ्याचं आपरेशन झालंय, दुसऱ्याचं ऱ्हायलंय."

"सवय होईल, काकू. चार दिवस वापरून बघा."

"ह्यांना पाणी पाजायचं का ह्याची सवय करायची?"

माझ्या मागे बहीण उभी होती. तिने विचारलं, "काकू, तुम्ही दिवसभर जास्त कुठे असता?"

"चुलीपाशी, आणखी कुठं?" नव्या घरात गॅसचा ओटा होता, पण काकूंच्या तोंडी चूलच होती.

बहीण त्यांना घेऊन ओट्यापाशी गेली. म्हणाली, "इथे उभ्या रहा. काकांची खोली कुठल्या हाताला?" काकूंनी डावा हात केला. "आणि दिवाणखाना?" उजवा. पडवी पाठीमागे, माडी वर. बहिणीने रिमोटवरचं बाणांचं गोल बटन त्यांच्या अंगठ्याखाली आणलं. "मग डावीकडे दाबलं की काका, उजवीकडे दिवाणखाना, वर माडी, खाली पडवी. मधलं दाबलं की घरभर शांत. चालेल?"

काकू हसल्या. "चालेल म्हंजे? हे तर डोळे मिटून जमेल."

ते बाण मेनूत फिरण्यासाठी असतात. त्यांचा असा उपयोग कुणी करत नाही. मी तसं म्हणणारही होते, पण काकूंचा अंगठा एव्हाना फिरायलाही लागला होता आणि एकदाही चुकला नव्हता. दोन मिनिटांत, चहाच्या आधणाशेजारी उभं राहून, बहिणीने माझे आठ दिवस मोडीत काढले होते. आणि तिला ते कळलंही नव्हतं. परतताना स्कूटरवर मागे बसून ती पानवेलींबद्दल बोलत होती. मी हेल्मेटच्या आत दात आवळून एकच गोष्ट घोकत होते, हे मला का सुचलं नाही?

लेआउट भरला मीच, कारण लॅपटॉप तिला येत नव्हता. काकांच्या खोलीचा आवाज ठरावीक मर्यादेपुढे जाऊ नये, एवढी माझी भर त्यात घातली. ती कुणाच्या लक्षात आली नाही.

मग फोन सुरू झाले. दुबईच्या मुलाने ओळखीपाळखीत सांगितलं असावं. केळव्याहून, पालघरहून लोक विचारायचे, "त्या ताई आहेत का? त्या, बटनांच्या?" मी म्हणायची, बोला, मीच दुकान चालवते. पलीकडून, "हो हो, पण त्या आल्या तर बरं." बोईसरचा एक कारखानदार तर मला तोंडावर म्हणाला, "मॅडम, आप वायरिंग देख लीजिए, रिमोट दीदी को करने दो." मी हसले. घरी येऊन भांडी इतकी आपटत घासली की नवरा उठून बाहेर गेला.

लहानपणीही हे असंच होतं. अभ्यास मी करायची, कौतुक तिचं व्हायचं. फरक इतकाच की तेव्हा मी तिला चिमटा काढून मोकळी व्हायची.

पावसाळा संपता संपता एका दुपारी काकूंचा फोन आला. बहीण बाहेर होती म्हणून मीच घेतला. काकू रडत होत्या, पण आनंदाने. रोज सकाळी त्या काकांच्या खोलीत रेडिओवरचे अभंग लावायच्या. ज्या माणसाच्या तोंडून सहा महिने धड शब्द फुटला नव्हता त्याने त्या दिवशी अभंगाबरोबर अख्खी ओळ म्हटली होती. "डाक्टर म्हणाले, गाण्याबरोबर कधी कधी येतात शब्द. तुझ्या बहिणीला सांग गं. तिच्या बटनाने ह्यांना गळा दिला."

मी "सांगते" म्हटलं. सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात त्या घरी नवा सेट-टॉप बॉक्स बसवायला जायचं होतं. मी बहिणीला दुसऱ्या कामावर धाडलं आणि एकटी गेले. बॉक्स बसवला, रिमोट लॅपटॉपला जोडला, आणि पडद्यावर तो लेआउट उघडा पडला. काकू आत काकांना भरवत होत्या. मी बाणांना त्यांचं मूळ काम परत दिलं. मधलं बटन पुन्हा मेनूतली निवड पक्की करायला ठेवलं. खोल्या पडद्यावर नेल्या, माझ्या क्रमाने. मनात म्हणत होते, नव्या बॉक्सला असंच सोयीचं पडेल, काकूंचं दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही झालंय, आता दिसेल त्यांना. त्यांना मात्र काही सांगितलं नाही. चहा घेतला आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी ओट्यापाशी उभं राहून नेहमीसारखं डावीकडे दाबलं आणि रेडिओ लावला. आवाज सुरू झाला तो दिवाणखान्यात, कारण माझ्या क्रमात तोच पहिला होता. काकांच्या खोलीत काहीच नाही म्हणून त्या आवाज वाढवत गेल्या, आणि दिवाणखान्याला मर्यादा घातलेली नव्हती. घर हादरायला लागलं. त्यांनी मधलं बटन दाबलं, पुन्हा दाबलं, काही बंद होईना. त्या दिवाणखान्यात धावल्या, तेवढ्यात काका घाबरून एकटेच उठायला गेले आणि पलंगावरून खाली पडले. शेजारच्या वाडीतल्या माणसाने येऊन मेन स्विच पाडला तेव्हा घर शांत झालं. काकांचं कोपर सोललं होतं आणि कपाळाला टेंगूळ आलं होतं. हाड मोडलं नाही, हे नशीब.

त्यांनी फोन केला तो बहिणीच्या मोबाइलवर. ती पिशवी उचलून तशीच निघाली. मी दुकानात बसून राहिले. गिऱ्हाईक काय विचारत होतं ते मला ऐकू येत नव्हतं.

बहीण दुपारी परतली, पिशवी ठेवली, पाणी प्यायली. म्हणाली, "मी तुझ्या जुन्या लॅपटॉपवरून आधीचा लेआउट भरून आले. एवढं शिकले आहे आता."

"काका?"

"बरे आहेत." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकूंना सांगितलं, माझ्या हातून चुकलं म्हणून."

"तू का सांगितलंस?"

"मग काय सांगू, ताई? तू मुद्दाम केलंस म्हणून?"

तिला सगळं कळलं होतं. ती ओरडली असती तर मीही ओरडले असते, चार कारणं दिली असती. ती शांतपणे फोनला लागली. आणि तिथे बसल्या बसल्या मला जे वाटलं ते लिहायला आजही जड जातं. लाज वाटलीच. पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर आधी, पुन्हा तिचा हेवाच वाटला. कौतुक तिचं, फोन तिला, आणि आता हा मोठेपणाही तिच्याच पदरात.

दुसऱ्या दिवशी मी माकुणसारला गेले. खरं बोलावं म्हणून गेले असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आले. निम्मं खरं आहे. निम्मं असं की तेवढा एक मोठेपणा मला तिच्याकडे राहू द्यायचा नव्हता.

काकू पडवीत सुपारी कातरत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. "काकू, बटनं मी बदलली. तिने नाही. तिला सगळे चांगलं म्हणतात ते मला बघवत नव्हतं, म्हणून बदलली."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. आतून काकांच्या खोकण्याचा आवाज आला.

"माझा माणूस पडला," त्या म्हणाल्या.

"हो."

"त्यांच्यासमोर जाऊन सांग."

मी आत गेले. काका पलंगावर टेकून बसले होते, कोपराला पट्टी. मी पुन्हा सगळं सांगितलं, तेच शब्द. त्यांना किती कळलं माहीत नाही. त्यांनी डावा हात उचलून माझ्याकडे दोनदा झटकला, जा, जा असा. माफी दिली का हाकलून लावलं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि विचारायची हिंमतही झाली नाही. काकूंनी मला चहा विचारला नाही. निघताना फक्त म्हणाल्या, "यापुढं तिलाच पाठव." त्या घरी मी परत गेलेले नाही.

बहिणीला मी सांगितलं, तेव्हा ती इतकंच म्हणाली, "जायची गरज नव्हती, ताई." मग थोड्या वेळाने, "बरं केलंस." ती आणखी वर्षभर दुकानात होती. मी तिला लॅपटॉप नीट शिकवला, मन लावून शिकवला. मग पालघरच्या एका आर्किटेक्ट बाईंनी तिला बोलावून घेतलं. मीच म्हटलं, जा. ती गेली त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं आणि संध्याकाळी दुकानात करमेना.

आता ती मोठी कामं करते. लेआउट पक्का करण्याआधी मला पाठवते, कारण तांत्रिक चुका मी पकडते हे तिला ठाऊक आहे. मागच्या आठवड्यात केळव्याच्या एका रिसॉर्टचा पाठवला होता. नेहमीप्रमाणे तो मी पहिल्यांदा बघितला तो तिचा हेवा करतच. सुरेखच होता. पण दुसऱ्यांदा बघताना सापडलं, बाहेरच्या अंगणातला आवाज बंद करायला बटनच ठेवलेलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. मग लगेच फोन लावला.

"अगं, अंगण बंद कसं करायचं?"

"अरे देवा. बरं झालं तू बघितलंस."

"हो," मी म्हटलं. फोन ठेवल्यावरही तो आनंद गेला नव्हता. रात्रीचा स्वयंपाक होईपर्यंत पुरला.