शनीवर माझ्या मुलीचे वजन

निपाणीच्या एका वखारीत मी तंबाखू तोलायच्या कामावर होतो. मुदतीच्या तापातून उठलेल्या माझ्या बारा वर्षांच्या मुलीला मी तिथल्या काट्यावर बसवले, तेव्हा ती शेहेचाळीस रत्तल, म्हणजे जेमतेम एकवीस किलो, भरली. पुढे तिला शनिवारचे दोन निर्जळी उपास घडले आणि ती चव्वेचाळीस भरली. पोरीला साडेसाती आहे म्हणून उपास सांगितले होते शहापूरच्या माझ्या मेहुण्याने. घरात भांडण नको म्हणून मी गप्प राहिलो होतो.

तिसऱ्या शनिवारी तो आमच्याकडेच होता. पाटावर बसून दाण्याचे लाडू तुपात बुडवून खात होता. तूप मनगटापर्यंत ओघळले होते, बोलताना कूट उडत होते. मुलगी उपाशीच भिंतीला टेकून त्याच्या हाताकडे बघत होती. मला शिसारी आली.

“दाजी, मास्तरला इचारून आलोय. शनी पृथ्वीच्या पंच्याण्णव पट जड हाय. एवढा बोजा पोरीवर बसलाय. अंग हलकं असंल तरच सोसंल.”

मी मुलीची पाटी घेतली. “अण्णा, पंच्याण्णव पट खरे. पण तो आकारानेही मोठा. त्याच्या पाठीवर उभे राहिले, तर त्याचा मध्य पायापासून पृथ्वीच्या मानाने साडेनऊ पट लांब. ग्रहाची ओढ अंतराच्या वर्गाने घटते. साडेनऊचा वर्ग सव्वानव्वद. पंच्याण्णवला त्याने भागा. एक आणि वर एकोणिसावा हिस्सा, बस. ही शनीवर जाऊन उभी राहिली तरी सव्वाशेहेचाळीस भरेल. वाढ सव्वादोन रत्तल. जवळजवळ तेवढे तुमच्या उपासांनी खाल्ले.”

“पाटीवर कायबी निघतंय. शनीला वर्गबिर्ग कळतंय व्हय?” त्याने ढेकर दिली.

दारातून बायको म्हणाली, “अण्णा म्हणतोय त्यात काय तरी असंलच की.”

मी इरेला पेटलो. गुरू मांडला: तीनशे अठरा पट द्रव्य, अकरा पट रुंदी, वजन अडीच पटीहून जास्त. मग मंगळ, मग चंद्र. तो हसत होता आणि मी पाटी पुसून पुन्हा मांडत होतो.

“आप्पा,” मुलगी म्हणाली, “गणित बरोबर आलं न्हवं? मग मी जेवू?”

दोन वाजत आले होते. शनीचे उत्तर मी साडेबारालाच काढले होते. मऊ भात मी स्वतः कालवला. पहिला घास तिने न चावताच गिळला. मेहुण्याची किळस होतीच; त्या घटकेला मला माझी जास्त आली.