दुसऱ्या मजल्यावरचं गाठोडं

“ही मुकी आहे की इंग्लिश?”

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी हे मला विचारलं नव्हतं. त्या दारात होत्या, मी त्यांच्यासमोर हातभर अंतरावर होते, पण प्रश्न त्यांनी जिन्यात भांड्यांची टोपली घेऊन बसलेल्या बोहारणीला केला. बोहारीण काकूंची जांभळी, जरीकाठी साडी उजेडात धरून कुठे विरली आहे का ते बघत होती. मान वर न करता ती म्हणाली, “कॉन्व्हेंटची आहे, बाय. समोरच्या बिल्डिंगीतली.”

काकूंनी समजूतदारपणे मान डोलावली. म्हणजे दोन्ही.

खरं तर मी घरून वाक्य पाठ करून आले होते. ‘नमस्कार, आम्ही समाजसेवा क्लबतर्फे दिवाळीनिमित्त गरजूंसाठी जुने कपडे गोळा करत आहोत.’ आरशासमोर ते चार वेळा न अडखळता म्हटलं होतं. काकूंच्या दारात त्यातलं ‘नमस्कार’, ‘जुने’ आणि ‘क्लब’ एवढंच बाहेर पडलं, आणि तेही त्या क्रमाने नाही.

“नंतर ये,” काकू म्हणाल्या. “आधी हिचं उरकू दे. एवढ्या साडीला ही मला एवढासा डबा देतेय!”

मी एकोणीस वर्षांची होते. मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीच्या तीन बिल्डिंगी, एक गेट, एक वॉचमन. माझं शिक्षण सगळं इंग्रजीतून, आणि घरात मराठी. त्यामुळे दोन भाषांत गप्प बसण्याची चांगली सवय झाली होती. ‘जरा चारचौघांत मिसळ, तोंड उघडेल,’ म्हणून आईने मला या क्लबात घातलं. क्लब म्हणजे कॉलेजातली वीस-बावीस मुलंमुली आणि एका डॉक्टरांच्या दवाखान्यावरची खोली. पावसाळा संपला की क्लबला उत्साहाचं भरतं यायचं. नवरात्रात देवीच्या रांगेला पाणी वाटा, मग डोळे-तपासणी शिबिर, मग वृद्धाश्रमात फराळ. या सगळ्यात माझं काम ठरलेलं असे. शिबिरात मी अक्षरांच्या तक्त्याशेजारी पट्टी घेऊन उभी राहायचे आणि एकेका अक्षरावर ती टेकवायचे. ते वाचायचं पेशंटने. मला फार आवडलं होतं ते शिबिर.

जुन्या कपड्यांसाठी मात्र दारोदार जायचं होतं. माझ्या जोडीला क्लबची सेक्रेटरी होती. ती इतकी बोलायची की माझ्या वाटणीचं बोलणंही आपोआप होऊन जायचं. पण त्या रविवारी पहिल्या मजल्यावर तिला तिच्या शाळेतल्या बाई भेटल्या, त्यांनी तिला चहाला आत ओढलं, आणि ती मला म्हणाली, “तू वरचे दोन मजले करून टाक गं. पटकन होईल.”

पटकन झालंच. घंटीचं बटण इतकं हलकं दाबायचं की ती वाजू नये, मनात दहा आकडे मोजायचे आणि ‘घरात कोणी नाही’ असं ठरवून पुढच्या दाराशी जायचं, ही माझी पद्धत होती. अशा रीतीने तिसऱ्या मजल्यावरचे चारही ब्लॉक मी रिकामे केले.

खाली आले तर काकूंचं दार बंद होतं. बोहारीण नव्हती. दाराशी निळ्या लुगड्यात करकचून बांधलेलं एक मोठं गाठोडं ठेवलेलं.

काकू ‘नंतर ये’ म्हणाल्या होत्या. हे नंतर होतं. गाठोडं होतं. दुसरा काही अर्थ लावायचा तर घंटी वाजवून विचारावं लागलं असतं, आणि या वेळी ती खरोखर वाजवावी लागली असती. मी गाठोडं उचललं, क्लबच्या पोत्यात कोंबलं आणि बंद दाराला हळूच ‘थँक यू’ म्हटलं.

त्या दिवशी दुपारी खोलीवर पोती उपसली तेव्हा क्लबला पहिल्यांदा कळलं की आपल्या भागातल्या गृहिणींचा कपड्यांचा हिशेब आपल्या आधीच ठरलेला आहे. धडका कपडा बोहारणीला, त्याच्या बदल्यात स्टीलचं पातेलं नाहीतर डबा. बोहारीण ज्याला हात लावत नाही ते पायपुसणं. आणि पायपुसणं म्हणूनही जे चालत नाही ते आम्हाला. एकेकटे मोजे निघाले. एका बाहीचा स्वेटर निघाला. आमच्या घरून आलेली चादर मी ओळखली आणि घाईघाईने ढिगाखाली सारली. ती मधोमध इतकी विरली होती की तिच्यातून अध्यक्ष दिसत होते.

अध्यक्ष इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. सफारी घालायचे आणि आम्हा सगळ्यांना ‘मित्रहो’ म्हणायचे. डोंगराकडेच्या पाड्यावर कपडेवाटपाचा कार्यक्रम त्यांनी ठरवून टाकला होता, प्रमुख पाहुणेही ठरले होते. ते एकबाही स्वेटर हातात घेऊन खिन्न बसले असतानाच सेक्रेटरीने निळं गाठोडं सोडलं.

“आई गं! बघा तरी!”

आत सुती साड्या, लहान मुलांचे न फाटलेले फ्रॉक, दोन-तीन शर्ट, आणि सगळ्यात वर जांभळी, जरीकाठी साडी. अध्यक्ष उठून उभे राहिले. “मित्रहो, याला म्हणतात दानत! कुणी दिलं हे?”

“हिने आणलंय. दुसऱ्या मजल्यावरून,” सेक्रेटरी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी वाजलेल्या त्या आयुष्यातल्या पहिल्या टाळ्या. मी लाजून खाली बघितलं, आणि मला बाबांची पँट दिसली.

तपकिरी टेरिकॉटची, मागच्या खिशाला आईने रफू केलेली. त्याच सकाळी मी आतल्या खोलीत पुस्तकात तोंड खुपसून बसले असताना आई दारात त्या पँटवरून बोहारणीशी अर्धा तास घासाघीस करत होती. मला त्या घासाघिशीची फार लाज वाटायची. शेवटी झाकणाचा एक डबा आईने जिंकला होता. म्हणजे ही पँट बोहारणीची होती. गाठोडं बोहारणीचं होतं. ती काही काकूंची दानत नव्हती, त्या बाईची अख्ख्या सकाळची कमाई होती. तिने तिच्या टोपलीतली भांडी देऊन घेतलेली.

आता बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. अध्यक्षांनी विचारलं, “पाणी हवंय का?” मी मान हलवली, आणि कुणीतरी मला पाणी आणून दिलं. ते मी प्यायले.

रात्रीच्या जेवणाला आईनेच विषय काढला. “समोर काय तमाशा झाला आज! बोहारीण म्हणे टोपली घेऊन तळमजल्याच्या मागच्या दारी गेली होती. गाठोडं जड म्हणून काकूंच्या दाराशी ठेवून गेली. परत येते तर गाठोडं गायब. ती काकूंना म्हणाली, तुम्ही डबाही ठेवलात आणि साडीही परत घेतलीत. काकू कसल्या ऐकतायत! म्हणाल्या, चोर तूच, विकून आलीस आणि माझ्यावर ढकलतेस. चारही मजले गॅलरीत आले होते. वॉचमनला सांगून टाकलंय, तिला गेटच्या आत सोडायचं नाही. तिन्ही बिल्डिंगी बंद तिला.”

“दिवाळीपर्यंत?” बाबांनी विचारलं.

“कायमची. आणि हेच तर तिचे दिवस. घराघरात साफसफाई चाललीय, आत्ता नाही मिळणार तर कधी? आणि तू काय गं, जेवत का नाहीयेस?”

मी “हं” म्हटलं. त्या घरात माझं ‘हं’ हे पूर्ण वाक्य धरलं जायचं.

पुढचे दोन दिवस दुपारी मी खिडकीशी अभ्यासाला बसत होते. ऑक्टोबरचं ऊन कंपाउंडच्या फरशीवरून उलटून डोळ्यांवर यायचं. साडेबाराला गेटबाहेरून तिची हाक यायची, “भांऽऽडीऽऽय!” पूर्वी ती जिन्यांतून घुमत वर चढायची. आता गेटाशीच थांबायची. आमच्या मजल्यावरची एक बाई कपडे घेऊन निघाली आणि समोर काकूंच्या गॅलरीकडे बघून परत आत गेली. काकूंशी कोण वाकडं घेणार? हाक दोनदा यायची, तिसऱ्यांदा जरा पडलेल्या आवाजात, मग बंद.

मंगळवारी क्लबची मीटिंग होती. अध्यक्षांनी जाहीर केलं की जांभळी साडी प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते पाड्यावरच्या सर्वांत वृद्ध आजींना द्यायची आणि तेव्हाच फोटो काढायचा. मी त्या साडीवरच बसले होते. म्हणजे परत बांधून ठेवलेल्या गाठोड्यावर, खुर्च्या कमी होत्या. मीटिंगभर वाक्य जुळवत राहिले. ते मराठीत जुळलं की इंग्रजीत सुटायचं, आणि दोन्हीकडे जुळलं तेव्हा अध्यक्षांनी आभार मानून टाकले होते.

सगळे पांगल्यावर मी टेबलावरचा कागद घेतला आणि शाळेत शिकवल्याप्रमाणे रीतसर अर्ज लिहिला. इंग्रजीत. ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरुवात, ‘विथ रेफरन्स टु द ब्ल्यू बंडल’ अशी दुसरी ओळ, शेवटी ‘युअर्स ओबीडिअंटली’. तो स्टेपलरखाली ठेवला आणि गाठोडं उचलून निघाले. त्यानंतर दोन वर्षं क्लबमध्ये मला सगळे ‘ब्ल्यू बंडल’ म्हणत, पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी गाठोडं मी माझ्या पलंगाखाली ढकललं. आईने काही विचारलं नाही, कारण पलंगाखाली तिने कालच झाडलं होतं.

बुधवारी साडेबाराला हाक आली. मी गाठोडं काखेत मारून जिना उतरले.

बोहारीण गेटबाहेर टोपली उतरवून फुटपाथवर बसली होती. वॉचमन आत स्टुलावर. मी तिच्यापुढे गाठोडं ठेवलं आणि म्हटलं, “सॉरी. चुकून. मला वाटलं क्लबसाठी आहे.” माझ्या मानाने हे भाषण होतं. काम झालं असं वाटून मी वळलेसुद्धा.

“थांब, बेबी.”

तिने गाठ सोडली. एकेक कपडा काढून उजेडात धरून बघितला, अगदी बाबांची पँटसुद्धा, जणू तीन दिवसांत क्लबने ती वापरून विरवली असावी. मग सगळं परत बांधलं. ती चिडलेली दिसत नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं, मी रडून मोकळी झाले असते.

“मला कशाला सांगते?” ती म्हणाली. “मी नाय घेतलं ते मला माहीतच आहे. वरती सांग.”

“हो. मी काकूंकडे जाऊन सांगते.”

“कानात सांगशील. ती हो हो करेल, दार लावेल. मला काय उपयोग?” तिने हाताने तिन्ही बिल्डिंगी दाखवल्या. “तिने मला चोर कसं म्हटलं? सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. तू पण तसंच सांग. इथून.”

“इथून?”

“आत जा. मधी उभी राहा. मला तर येऊ देत नाय हा,” ती वॉचमनकडे हनुवटी करून म्हणाली. वॉचमनने स्टूल जरा माझ्या बाजूला वळवून घेतलं. त्याला नीट बघायचं होतं.

मी कंपाउंडच्या मधोमध जाऊन उभी राहिले. ज्या मुलीने बसमध्ये कधी ‘उतरायचंय’ म्हटलं नव्हतं, दुसरं कुणी उतरेल त्या स्टॉपवर उतरून जी घरी चालत यायची, ती भर दुपारी तीन बिल्डिंगींच्या मध्ये. मी म्हटलं, “काकू.” स्कूटरच्या सीटवर झोपलेल्या मांजरानेही डोळे उघडले नाहीत. मी परत म्हटलं. वॉचमन म्हणाला, “जोर से, मेमसाब.”

मी गेटकडे बघितलं. बोहारणीने माझी दया येऊन की कंटाळून, कोण जाणे, कमरेवर हात ठेवले, मान मागे टाकली आणि तिच्या त्या ठेवणीतल्या आवाजात हाक दिली, “भांऽऽडीऽऽय!”

तिन्ही बिल्डिंगींच्या गॅलऱ्या उघडल्या. काकूंच्या बिल्डिंगीत पहिल्या मजल्यावर सेक्रेटरीच्या शाळेतल्या बाई आल्या. तिसऱ्या मजल्यावर चारही ब्लॉकमधून माणसं आली. म्हणजे रविवारीही ती घरातच होती. आमच्या गॅलरीत आई आली, पिठाचे हात तसेच. आणि दुसऱ्या मजल्यावर काकू आल्या, कठड्यावर रेलल्या आणि गेटकडे बोट करून म्हणाल्या, “हिला परत कुणी बोलावलं?”

वाक्य पाठ केलेलं नव्हतं. मी डोळे गच्च मिटले आणि ओरडले,

“काकू, तिने चोरी नाही केली! तुमच्या दारातलं गाठोडं मी उचललं! मी, समोरच्या बिल्डिंगीतली, तिसरा मजला! तिला आत येऊ द्या!”