पाव्याचं मेण

बन्नीच्या गवताळ रानात म्हशी सोडून मिठणचाचा बाभळीखाली बसायचे आणि जोडपावा वाजवायचे. दोन पावे एकदम तोंडात. एकावर सूर धरून ठेवायचा, दुसऱ्यावर बोटं फिरवायची. चाळीस वर्षं हाच नाद. पण कधी लग्नात वाजवलं नाही की उरुसात नाही. कुणी गळ घातलीच तर म्हणायचे, "मी घरी जेवतो, तेव्हा तुला बघायला बोलावतो का?"

त्यांचा आचार नावाचा पुतण्या पर्यटकांच्या तंबूंवर कामाला होता. एका सकाळी तो न विचारता जीपभर पाहुणे घेऊन आला.

"चाचा, नुसती पाच मिनिटं! या म्हशी टाळ्या वाजवतात का कधी?"

"नाही ना? म्हणूनच त्यांच्यापुढे वाजवतो."

पण पाहुण्यांनी मोबाइल उगारलेच होते. सूर जुळावा म्हणून पाव्याच्या भोकांना मेण लावलेलं असतं. चाचांनी ते नखानं सावकाश खरवडलं, त्याची गोळी करून कानामागे चिकटवली आणि गाल फुगवून जोरात फुंकलं. असा भेसूर आवाज निघाला की म्हशींनीही चरणं सोडून माना वर केल्या. पाहुणे बघता बघता जीपमध्ये जाऊन बसले.

"चाचा, नाक कापलंत माझं!"

"नाक तुझं, पावा माझा."

चाचांनी कानामागची गोळी काढली, बोटांत मऊ केली आणि भोकाभोकाला चापून बसवली. मग खरी फुंक मारली. ते ऐकून आचार राग विसरून तिथंच गवतात बसला.

चाचांनी पावा तोंडातून काढला.

"तूसुद्धा ऊठ."